आईला पाहण्याची घाई

माहूरच्या रेणुकेचं फक्त मुख दिसतं. शेंदूर ल्यालेलं, कपाळभर मळवट भरलेलं, मुखात तांबूल असलेलं ते भव्य मुख. बाकीची देवी जमिनीत आहे, असंच आम्ही लहानपणापासून धरून चालतो. तसं का, याची कथा इथं घरोघरी ठाऊक असते. कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह आणि दुसऱ्यात आई, असा परशुराम कोरी भूमी शोधत या डोंगरावर आला. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून त्यानं जमदग्नींना अग्नी दिला आणि रेणुका सती गेली. मग आईच्या आठवणीनं तो व्याकूळ झाला, तेव्हा आकाशवाणी झाली: आई भूमीतून वर येईल, पण तोवर मागं वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. तो वळला तेव्हा नुसतं मुखच वर आलं होतं.

याच परशुरामानं बाण सोडून समुद्र मागं रेटला आणि कोकण उभं केलं, असं तिकडची माणसं सांगतात. एकच पुत्र आमच्या डोंगरावर आईसाठी रडला आणि तिकडं त्यानं समुद्राला मागं हटवलं. समुद्र पाहायला गेले की या दोन कथा माझ्या मनात आपोआप शेजारी येऊन बसतात. आमच्या पैनगंगेचं पाणी मात्र त्या समुद्राला कधीच मिळत नाही. वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत ते पूर्वेला बंगालच्या उपसागरात जातं. अरबी समुद्र पाहायचा तर आम्हाला अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो, आणि इतक्या लांबून गेलेल्या माणसाला सगळं लगेच बघून घ्यायचं असतं.

देवमाशाचंही एका वेळी थोडंच दिसतं. निळा देवमासा शंभर फुटांच्या आसपास वाढू शकतो. या पृथ्वीवर जन्मलेल्या सगळ्या प्राण्यांत वजनानं सर्वांत मोठा तोच, पण होडीतून दिसतं ते काय? आधी तुषारांचा उंच फवारा, मग सरत राहणारी लांबलचक पाठ, अगदी शेवटी पाठीवरचा इवलासा पर. बाकी सगळा पाण्याखाली.

२०१५ साली सिंधुदुर्गच्या समुद्रात निळे देवमासे दिसल्याची नोंद कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांनी केली. त्यात आई आणि पिल्लू होतं. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली होती. इतका मोठा जीव आपल्या महाराष्ट्राच्या पाण्यात लेकरू घेऊन फिरतो आहे, हे कळल्यावर वाटलेला आनंद अजून ताजा आहे. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला सुमारे ४२ फुटांचा निळा देवमासा लागला आणि तिथंच गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत पिल्लू अडकलं, तेही ३०-३५ फुटांचं. गावकरी, वनखातं, पोलीस, तटरक्षक दल असे सगळे राबले. माणसांनी त्याच्या अंगावर पाणी मारलं, कातडी सुकू नये म्हणून ओली कापडं घातली. जवळजवळ दोन दिवसांच्या धडपडीनंतर ते भरतीला खोल पाण्यात नेऊन सोडलं. पुढं ते मेलं. दूधपित्या वयातलं पिल्लू आईवाचून समुद्रात टिकत नाही, ते कितीही मोठं दिसलं तरी.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मला माहूरच्या काळ्या दगडाकडे वेगळ्या नजरेनं पाहावंसं वाटलं. दख्खनचा हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा जगात देवमासा नव्हताच. पुढं आलेले त्याचे पूर्वज चार पायांवर चालणारे, काठाकाठानं राहणारे प्राणी होते. पाच कोटी वर्षांच्या आसपासचे त्यांचे आणि त्यांच्या भाऊबंदांचे अवशेष कच्छमध्ये, जम्मू-काश्मीरमध्ये, हिमालयाच्या पायथ्याशी सापडले आहेत. म्हणजे देवमाशाचं माहेर आपल्याच बाजूचं. पाय मागं टाकत, पिढ्यान्‌पिढ्या खोल जात तो समुद्राचा झाला, पण श्वास घ्यायला अजून वरच येतो.

वर यावंच लागतं, म्हणून तो दिसतो आणि म्हणूनच सापडतोही. १९६५-६६ च्या सुमारास सोव्हिएत ताफ्यांनी अरबी समुद्रात २४२ हंपबॅक देवमासे मारले. हे देवमासे दुसऱ्या समुद्रांतल्या हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बाराही महिने अरबी समुद्रातच असतात. ओमानजवळ आता ते शंभराच्या आतच उरले असावेत असा अंदाज आहे. त्यातली ‘लुबान’ नावाची एक मादी २०१७ च्या डिसेंबरात भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली. अंगावर उपग्रहाचं यंत्र बसवलेलं होतं म्हणून ते कळलं.

आपल्याकडे देवमासा दाखवणाऱ्या ठरलेल्या फेऱ्या नाहीत. तो खोल पाण्यातला, नशिबानं दिसणारा. होड्या जातात त्या डॉल्फिन पाहायला: देवबागला, तारकर्लीला, दापोलीजवळ मुरुड-हर्णैला. मालवणकडचे मच्छीमार डॉल्फिनला गादा म्हणतात. काठाजवळ, खाडीच्या तोंडाशी मासळीमागं फिरणारे हे हंपबॅक डॉल्फिन.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या एका गटासोबत देवबागला गेले. कर्ली नदीच्या मुखाबाहेर सकाळी पाच-सहा होड्या होत्या. दूरवर एक राखाडी पाठ दिसली मात्र, सगळ्या होड्या इंजिनं वाढवून तिकडं धावल्या. लोक उभे राहिले, शिट्ट्या, आरडाओरडा, मोबाईल वर. पाठ बुडाली ती पार पलीकडं निघाली. होड्या पुन्हा तिकडं. त्या गाद्यांत एक लहान पिल्लू होतं, आईच्या कुशीला चिकटून पोहणारं. दोन होड्या दोन बाजूंनी आल्या तशी आई त्याला घेऊन खाली गेली. पिल्लाला आईपेक्षा लवकर लवकर वर यावं लागतं. त्याचा दम तेवढाच. पाण्याखाली आवाजाच्या भरवशावर जगणाऱ्या या जीवांना इंजिनांच्या त्या गदारोळात एकमेकांची साद तरी ऐकू येत असेल का, या विचारानं मला होडीत बसवेना.

आमच्या होडीचा तांडेल पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. मी त्याला थांबायला सांगितलं. त्यानं इंजिन बंद केलं. आमच्यासोबतच्या माहूरच्या आजी पहिल्यांदा समुद्रावर आल्या होत्या. लाईफ जॅकेटचे पट्टे घट्ट धरून त्या म्हणाल्या, “कुठं हाय माय ते? दिसंना की.” तांडेल म्हणाला, “आजी, गप ऱ्हवा. येतले ते.” बऱ्याच वेळानं डाव्या अंगाला, पाच-सहा वाव अंतरावर, फुस्स असा दमदार आवाज झाला. पाठीवरचा उंचवटा, त्यावरचा पर, कडेला फिकट गुलाबी झाक. मागोमाग बारीक फुस्स, पिल्लाचा. आजींनी हात जोडले, कुणी न सांगता.

परतताना मी तांडेलाला विचारलं, सगळेच असे का थांबत नाहीत? तो म्हणाला, लोक पैसे देतत ते गादे दिसाक. न दाखवता आणला तर भांडतत, अर्धेच देतत. मग पोरं इंजिन मारतत. याचा दोष त्यांना देणं मला पटलं नाही. ताण आपण घालतो. गेली कित्येक शतकं ज्यांनी जाळ्यात आलेल्या मोठ्या जिवाला सोडायचं की नाही हे आपल्या मनानं ठरवलं, त्यांच्यावर गिऱ्हाईकाची घाई येऊन बसली आहे. फाटलेल्या जाळ्याचा खर्च तरी आता मिळतो. संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई देण्याचं राज्य सरकारनं २०१८ मध्ये ठरवलं. पण डॉल्फिनमागं न धावणाऱ्या तांडेलाला कुणी काही देत नाही. तो खर्च आपणच द्यायचा आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्याच गटातल्या दुसऱ्या कुटुंबाला जायचं होतं. मी किनाऱ्यावर त्याला भेटून भाडं आधीच हातात दिलं. सांगितलं, गादा दिसला तरी हेच, नाही दिसला तरी हेच. अंतर राखा, पिल्लू दिसलं तर जवळ जाऊ नका, आडवे येऊ नका. त्यानं नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि पोराला हाक मारली, “आज डिझेल कमी घाल रे.”