घाटावर दिलेल्या लेकी

कोल्हापुरात वाढलेल्या आमच्या पिढीत पुष्कळांचं आजोळ आंबा घाटाखाली. साखरपा, देवरूख, पाली, रत्नागिरी अशी कुठंतरी आई वाढलेली, आणि मग ‘घाटावर दिलेली’. दिली म्हणजे भात-पिठीतून उचलून भाकरी नि तांबड्या रश्श्यात आणून बसवली. तिला विचारलं कुणी नव्हतं, आणि तिनंही तक्रार केली नाही.

मे महिन्याची सुट्टी लागली की गुळाची ढेप, शेंगदाणे, कांदा-लसणाची चटणी अशी बोचकी यष्टीच्या टपावर चढायची. मलकापूर मागं पडलं की आई पिशवीतून लिंबू नि आमसुलं काढायची. आंबा गाव सोडून गाडी उताराला लागली की कानाला दडे बसायचे आणि मागच्या सीटवरचं एखादं पोर खिडकीकडं झेपावायचं. साखरप्याला उतरलो की कपडे घामानं अंगाला चिकटलेले, बुटांना तांबडी माती आणि आईच्या बोलण्याला हेल. सासरी खालमानेनं वावरणारी ही बाई इथं हमालाशीसुद्धा हुज्जत घालायची.

येताना बोचकी तेवढीच, वास निराळा. फणसपोळी, कुळथाचं पीठ, तिरफळं, कोकमं, आणि पेपराच्या चार घड्यांत गुंडाळूनही न लपणारे सुके बांगडे. हापूसची आढी आज्जीच्या कॉटखाली. बांगड्यांना ती नाक मुरडायची, आढीवर मात्र तिचाच पहारा.

पावसाळ्यात दरड आली की आजोळ बंद. फोन मोजक्याच घरांत. मग आई मासे घेऊन बसणाऱ्या बाईला विचारायची, “घाट सुरू झाला काय गं?” जुलै २०२१च्या अतिवृष्टीत दरडींनी घाट बंद पडला, तेव्हा हातात मोबाइल असूनही घरोघरच्या म्हाताऱ्यांनी हाच प्रश्न विचारला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली खरी, पण ती किनाऱ्याला समांतर धावते. कोल्हापूरला जोडणारा मार्ग अजून झालेला नाही. वर येणाऱ्याला आजही वळणं चुकत नाहीत.

हल्ली आमच्याकडं खानावळीत मटणाच्या ताटाबरोबर सोलकढीची वाटी येते आणि पाहुणे तिला कोल्हापुरी म्हणून वाखाणतात. आमच्या घरांत ती फार आधी पोचली होती, लाल डब्यातून, उलट्या सोसत आलेल्या आयांच्या पिशवीतून.