आडनाव न विचारणारे शहर

बँकॉकला जाऊन आलो असे सांगितले की आमच्या कचेरीतले सहकारी डोळे मिचकावतात. त्या शहराची आपल्याकडे जी ख्याती झालेली आहे ती आम्हांस ठाऊक नाही असे नाही. परंतु आम्ही गेलो ते पंचाहत्तरीतली आई, पत्नी आणि दहावी झालेली मुलगी यांना घेऊन. सोबत आमच्या विहाराची आणखी तीन कुटुंबे होती. दोन वर्षे भिशी भरून जमवलेला पैसा होता, त्यामुळे पाच दिवसांत जे पाहिले ते हिशेबाने पाहिले. त्याचा जमाखर्च वाचक बंधुभगिनींपुढे मांडत आहोत.

मुंबईहून विमानाने चार-साडेचार तासांत माणूस तेथे उतरतो. घड्याळ दीड तास पुढे करावे लागते आणि कॅलेंडर ५४३ वर्षे! कारण त्या देशात सरकारी साल तथागतांच्या महापरिनिर्वाणापासून मोजतात. दुकानाच्या पावतीवर, सरकारी कागदावर तेच साल. मुलीने पहिल्याच रात्री कागद-पेन्सिल घेऊन गणित मांडले, १९५६ म्हणजे २४९९. नागपूरच्या दीक्षेचे साल असे वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आपल्याला घरी यायला अडीच हजार वर्षं लागली." त्यात एक वर्ष कमी आहे हे आम्ही तिला सांगितले नाही.

विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. सम्राट अशोकाच्या काळी सोण आणि उत्तर हे दोन थेर धम्म घेऊन ज्या सुवर्णभूमीला गेले असे महावंसात सांगितले आहे, तेच हे नाव. ऊर भरून येतो. पण त्याच विमानतळाच्या आत समुद्रमंथनाचे भलेमोठे शिल्प उभे आहे. तेथील राजघराण्यातले राजे स्वतःला 'राम' म्हणवतात, २०१६ साली गादीवर आलेले राजे दहावे राम. राजवाड्याच्या आवारातल्या बुद्धमंदिराच्या भिंतींवर रामायणाची चित्रे रंगवलेली आहेत. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला आमच्यासारखा माणूस तेथे क्षणभर बुचकळ्यात पडतो.

शहर म्हणाल तर आपल्या दादरला लाजवील असे. डोक्यावरून १९९९ साली सुरू झालेली रेल्वे धावते, खाली मोटारींची रांग हलत नाही, आणि त्या रांगेतून नारिंगी जाकिटे घातलेले मोटारसायकलवाले प्रवासी मागे बसवून वाट काढतात. फुटपाथवर हातगाड्या, तव्याचा धूर, मासळीच्या रसाचा उग्र वास. चाओ फ्राया नदीतून नारिंगी झेंड्याची बोट घेतली की थोड्या पैशांत निम्मे शहर पाहून होते. त्या बोटीत भिक्खूंसाठी वेगळी जागा राखलेली असते. स्टेशनावर सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लागते. ती सगळी धावपळ उभ्या जागी थांबते आणि गीत संपताच पुन्हा सुरू होते.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गाईडने पहिल्या सकाळी प्रत्येकाचे नाव विचारले. आईने आपले नाव सांगितले आणि ती थांबली. ते थांबणे आम्ही ओळखतो. पुढचा प्रश्न येणार याची ती वाट पाहत होती. तो आलाच नाही. गाईडने तिच्या नावाआधी 'खुन' लावले आणि पुढच्या माणसाकडे वळला. "हा मेला खून खून काय करतो?" असे आईने विचारल्यावर सगळी बस हसली. खुन म्हणजे श्री. किंवा श्रीमती, दोन्हींना एकच.

त्या देशात १९१३ साली कायदा होईपर्यंत सर्वसामान्य माणसाला आडनावच नव्हते. कायदा झाल्यावर लोकांनी आडनावे घेतली, कित्येकांना राजाने स्वतः तयार करून दिली. पण बोलण्यात आजही पहिलेच नाव चालते. बँकेचा अधिकारी असो की पंतप्रधान, लोक पहिल्या नावानेच ओळखतात. टेलिफोनच्या जाड पुस्तकातसुद्धा यादी पहिल्या नावाप्रमाणेच लावलेली असे.

ज्यांना याचे अप्रूप वाटणार नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. २००९ साली आम्ही भाड्याने खोली शोधत होतो. नाव काय, पूर्ण नाव काय, गाव कोणते, गावात घर कोणत्या बाजूला, अशा चार पायऱ्या चढून झाल्या की "खोली कालच गेली हो" हे उत्तर ठरलेले. अशा सहा ठिकाणी खोली 'कालच' गेली होती. आईही त्या वेळी सोबत असायची.

म्हणून बँकॉकमध्ये सगळे समान आहेत असा निष्कर्ष आम्ही काढलेला नाही. गुलामीची प्रथा तेथे कायद्याने बंद झाली तीच १९०५ साली. टॅक्सी चालवणारे पुष्कळसे ईशान्येकडच्या गरीब इसान भागातले, इमारतींच्या परातीवर ब्रह्मदेशातून आलेले मजूर. गोऱ्या रंगाच्या साबण-क्रीमच्या जाहिराती आपल्याइतक्याच. माणूस माणसाला मोजतोच, पण जन्माच्या गावकुसावरून मोजत नाही, एवढा फरक पदरात पडला.

वाट फो विहारात पहुडलेल्या बुद्धांची मूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. तळपायांवर शिंपल्यांच्या कामात १०८ मंगलचिन्हे जडवलेली आहेत. मागच्या भिंतीशी १०८ कांस्यपात्रे ओळीने मांडलेली, लोक एकेक नाणे टाकत जातात आणि सगळ्या दालनात तो किणकिणाट चालू असतो. आईने हात जोडून त्रिसरण-पंचशील म्हटले. पाली शब्द ऐकून शेजारची एक म्हातारी तिच्या सुरात सूर मिसळून म्हणू लागली. चाल निराळी, शब्द तेच. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

पण घराघरांपुढे, हॉटेलांपुढे खांबावर एक छोटे देऊळ असते, जागेच्या राखणदाराचे. त्यापुढे फुले, उदबत्ती आणि लाल सरबताची बाटली, तीही स्ट्रॉ लावून! आई म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला म्हसोबा." तिच्या वडिलांनी १९५६ साली घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले, तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती. ती त्या बाटलीकडे बराच वेळ पाहत राहिली.

आम्हां कारकुनाला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच. त्या देशात पुरुषाने आयुष्यात एकदा, निदान काही आठवडे, चीवर घ्यावे असा रिवाज आहे, आणि सरकारी नोकराला त्यासाठी १२० दिवसांपर्यंत पगारी रजा मिळू शकते. आमच्याकडे १४ एप्रिलला जोडून एक दिवस मागितला तरी साहेबाच्या कपाळाला आठ्या पडतात!

हे गाईड सांगत असताना मुलीने विचारले, "आणि मुलींना?" गाईड हसला आणि गप्प झाला. तेथील संघप्रमुखांनी १९२८ साली आदेश काढून स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई केली, ती अजून उठलेली नाही. पांढरी वस्त्रे नेसून, मुंडन करून विहारात राहणाऱ्या 'मे ची' पुष्कळ दिसतात. पण त्यांना संघात भिक्खूंच्या बरोबरीचे स्थान नाही. विद्यापीठात अध्यापन केलेल्या धम्मानंदा यांनी २००३ साली श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घेतली, तेव्हा त्या थायलंडच्या आधुनिक काळातल्या पहिल्या थेरवादी भिक्खुणी झाल्या. महाप्रजापती गौतमींना स्वतः तथागतांनी संघात घेतले. त्याच संघाच्या दारात आजची बाई परदेशातून कागद घेऊन उभी आहे. बसमध्ये आमच्यातले एक जुने कार्यकर्ते म्हणाले, त्यांच्या देशाचा रिवाज, आपण का बोलावे? आमचे म्हणणे असे की, वंदन करायला आपण गेलो, तर मोजपट्टीही आपली बरोबर नेली पाहिजे. आडनाव न विचारल्याबद्दल ज्यांना शंभर गुण द्यायचे, त्यांचेच हे गुण कापायचे. वाद जेवणाच्या टेबलापर्यंत चालला. आई मुलीच्या बाजूने होती.

शेवटच्या दिवशी पहाटे सहाला पिंडपात पाहिला. अनवाणी भिक्खू एका ओळीत शांतपणे येतात, बायका गुडघ्यांवर बसून पात्रात भात घालतात. बाईचा स्पर्श होऊ नये म्हणून दोन्हीकडून काळजी घेतली जाते. आईनेही भात वाढला. २०२३ च्या सुरुवातीला शंभरावर थाई भिक्खू परभणीहून चैत्यभूमीपर्यंत पायी आले होते, त्यांच्या वाटेवर तिने पाणी दिले होते. ओळीतल्या एका तरुण भिक्खूला हे सांग म्हणून ती गाईडच्या मागे लागली. तोपर्यंत ओळ पुढे गेली.

परत आल्यावर विहाराच्या फलकावर उन्हाळी श्रामणेर शिबिराची सूचना लागली होती. 'श्रामणेर' या शब्दापुढे 'व श्रामणेरी' असे लिहावे आणि मुलींच्या राहण्याची सोय करावी, असा अर्ज मुलीने समितीला दिला आहे. अर्ज आम्हीच टाइप करून दिला, खाली दुसरी सही आईची आहे. समितीची बैठक येत्या रविवारी आहे.