मोरी तुंबते तेव्हा

गेल्या भोगीच्या आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातील मोरी तुंबली. मोरी म्हणजे खरे पाहता ओट्यात बसविलेले पोलादी भांडे आणि त्याखालून भिंतीत शिरणारी नळी. परंतु थंडीचे दोन महिने आमच्याकडे दिल्लीस राहावयास आलेली माझी आई त्या साऱ्या सरंजामाला मोरीच म्हणते, आणि तिच्या शब्दावर दुसरा शब्द काढण्याची आमच्या घरात पद्धत नाही. भांड्यात पाणी साचले ते हलेना. त्यावर तुपाचे पांढरट कवडे तरंगू लागले. दुसऱ्या दिवशी भोगीची भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि जेवावयास आणखी दोन कुटुंबे यावयाची होती, एक नागपूरकडचे व एक बेळगावचे. परप्रांतात राहिले की सणांचे अगत्य अंमळ वाढतेच, हे आपणांपैकी जे महाराष्ट्राबाहेर आहेत त्यांना मी सांगावयास नको.

अशा प्रसंगी घरातील कर्त्या म्हणविणाऱ्या पुरुषाच्या तोंडून प्रथम उद्‌गार निघतो तो ‘त्यात काय आहे!’ हा. मीही तोच काढला. लाकडी दांड्याची रबरी वाटी आणून मी पाऊण तास ती वरखाली केली. पाणी माझ्या सदऱ्यावर आले, खाली मात्र गेले नाही. भांड्याच्या कडेशी जादा पाणी वाहून जाण्यासाठी जे लहानसे भोक असते, ते ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरल्यावाचून वाटीचा सारा जोर त्या भोकातूनच निसटतो, ही गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. आपणांस ती आज कळली, तेवढाच माझ्या श्रमांचा लाभ.

रात्री शेजारच्या सद्‌गृहस्थांनी कॉस्टिक सोड्याची पुडी दिली. “अहो, हे घालून चालते ना?” असे पत्नीने विचारलेही. परंतु गृहोपयोगी सूचनांचे मराठी भाषांतर करण्यात ज्याची इतकी वर्षे गेली, त्याने अशा प्रश्नाला मान हलवून उत्तर देऊ नये तर काय करावे? मी अर्धी पुडी साचल्या पाण्यात ओतली. मध्यरात्री उठून उरलेली अर्धीही ओतली.

या सोड्याचा गुण खरा आहे. तूप, तेल, वनस्पती यांच्याशी त्याचा संयोग झाला म्हणजे साबण व ग्लिसरीन तयार होते, आणि साबण पाण्याबरोबर निघून जातो. पुस्तकात हे एका ओळीत आटोपते. नळीत मात्र पाणी वाहत नसेल तर सोड्याचे खडे तळाशी बसतात व तेथेच त्यांचा दगडासारखा गठ्ठा होतो. पाणी जड असेल, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार असतील, तर होणारा साबणही न विरघळणारा, चिकट, साक्यासारखा होतो. त्यातून दिल्लीतील जानेवारीची रात्र, जेव्हा वाटीतले तूपही सुरीने कापावे लागते. थोडक्यात, पहाटेपर्यंत माझ्या नळीत साबणाचा एक छोटासा कारखाना निघून बंदही पडला होता.

सकाळी प्लंबर आला. तो ओरिसातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, केंद्रपाडा जिल्ह्याचा. दिल्लीस असो, मुंबईस असो वा बंगळूरला, नळकाम करणारा माणूस पुष्कळदा याच एका जिल्ह्यातून आलेला असतो. तेथील पट्टामुंडई या गावी हे काम शिकविणारी सरकारी संस्थाही आहे. वयाने तो माझ्याहून धाकटा होता. त्याने पिशवी खाली ठेवली, साचलेल्या पाण्याकडे पाहिले आणि मला एकच प्रश्न विचारला : “साहेब, आत काही टाकले आहे का?”

मी म्हणालो, “गरम पाणी.”

हे उत्तर मी का दिले, याचा मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. आई दारात उभी होती आणि तिला मी रात्री ‘धुण्याचा सोडा आहे’ असे सांगितले होते. पत्नी चुलीपाशी होती आणि तिला मी काहीच धड सांगितले नव्हते. शिवाय आपण करून पाहिले आणि जमले नाही, हे पैसे देऊन बोलाविलेल्या माणसापुढे कबूल करणे नको वाटले. कारणे एवढीच, आणि त्यांतले एकही मोठे नाही.

त्याने खाली बादली ठेवली आणि नळीच्या वाकणाशी असलेली वाटी फिरविली. ती सुटताच कोंडलेले पाणी एकदम उसळले. त्याच्या मनगटावर पडले, एक थेंब गालावर, डोळ्याच्या किंचित खाली. त्याने बाहीने गाल पुसला. मग दोन बोटे एकमेकांवर चोळली, पुन्हा चोळली, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले. सोड्याचे पाणी अंगावर पडले की कातडी प्रथम गुळगुळीत लागते, कारण तो तिच्यावरील तेलाचाच साबण करू लागतो. हेही मला पुस्तकावरून ठाऊक होते.

“सोडा आहे,” तो म्हणाला. आवाज चढविला नाही.

‘त्वचेशी अथवा डोळ्यांशी संपर्क आल्यास तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे’ हे वाक्य मी आजवर किती वेळा लिहिले असेल! त्या क्षणी मात्र मी हातात चहाचा पेला धरून उभा होतो. हलली ती आई. “अरे बाळा, आधी पाणी!” असे म्हणत तिने त्याचा दंड धरला व त्याला न्हाणीत नेले. पत्नी लिंबू कापून घेऊन धावली. सोड्यावर आंबट, हा तिचा हिशेब चुकीचा नव्हता, पण कातडीवर तो मांडावयाचा नसतो. त्या संयोगाने उष्णता निर्माण होते आणि भाजलेले अधिक भाजते. तेवढे सांगण्याइतका मी शुद्धीवर आलो होतो. नुसते पाणी, आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे.

नळाखाली डोळा धरणे जमेना, म्हणून आई तांब्याने पाणी घालू लागली. तो ओणवा उभा होता. पाणी बर्फासारखे. एका हाताने तिने त्याचे मनगट धरले होते, दुसऱ्या हाताने तांब्या. वाईला माझ्या आजोळच्या वाड्यात मोरी आणि परसातील गटार साफ करावयास एक बाई येत असे. तिलाही माझी आजी तांब्यानेच पाणी घाली, पण वरून, हातभर अंतरावरून, तिच्या ओंजळीला तांब्या लागणार नाही अशा बेताने. आईने ते लहानपणापासून पाहिले आहे, मीही पाहिले आहे. आम्ही दोघेही त्याविषयी बोललो नाही. ती मध्येच मला एवढेच म्हणाली, “किती टाकला होतास?”

मी म्हणालो, “दोनदा.”

डोळ्याला इजा झाली नव्हती. मनगट लाल झाले होते. दवाखान्यात जाऊ, असे मी दोनदा सुचविले. त्याने नको म्हटले आणि काम पुरे करावयास बसला. रबरी हातमोजे आमच्या घरी नव्हते, तेव्हा पत्नीने जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या दोरीने त्याच्या कोपरापर्यंत बांधल्या. अडथळा वाकणात नव्हताच, भिंतीतल्या आडव्या नळीत होता. लोखंडी स्प्रिंग आत सारून तो ती फिरवीत गेला, आणि थोड्या वेळाने वीतभर लांबीचा एक करडा गोळा बाहेर आला. चहाचा चोथा, भाताची शिते, थिजलेले तूप आणि या सर्वांना घट्ट बांधणारा माझ्या हातचा साबण. नळीला उतार कमी आहे, असे तो म्हणाला. हातभर नळीला निदान बोटभर उतार हवा.

मग तो म्हणाला, “नहानी ट्रॅप पण बघून घेतो.”

वाचकहो, येथे मला थोडे विषयांतर करू द्या. न्हाणीच्या फरशीत जाळीखाली जो पाणी धरून ठेवणारा खोलगट भाग असतो, त्यासाठी मराठी शब्द शोधता शोधता मी एकदा दोन दिवस घालविले होते आणि अखेर ‘भूमिस्थ सापळा’ असे काहीतरी छापून मोकळा झालो होतो. तोच हा भाग! बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही त्याचे नाव हेच आहे, हे मी नंतर पाहिले. माझ्या आजीच्या न्हाणीचा शब्द मला दिल्लीत एका ओडिया माणसाकडून परत मिळाला. त्या खोलगट भागात पाणी साचून राहते ते चुकून नव्हे. गटारातील दूषित वायू घरात येऊ नये म्हणून ते तेथे दार लावून बसलेले असते. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंगने शौचकूपाच्या नळीला असे वाकण देऊन त्याचे पेटंट घेतले. तो व्यवसायाने घड्याळे करणारा होता.

पैसे घेऊन झाल्यावरही तो निघेना. आणखी चार-पाच बादल्या पाणी मोरीतून सोडा, असे त्याने सांगितले. का, तर खालचे चेंबर परवा सफाईवाला उघडणार, आणि तो हात घालूनच गाळ काढतो. सुरक्षेच्या साधनांवाचून कोणालाही भुयारी गटारात अगर मैल्याच्या टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. अशा कामात मृत्यू आल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरात सांगितले. दोन्हींविषयी मी लिहिले आहे. आमच्या इमारतीमागचे चेंबर गुडघाभर खोल आहे. त्यात कोणी उतरत नाही, फक्त हात जातो.

मी सहा बादल्या ओतल्या. मग मुलीच्या दप्तरातून खडू घेऊन खाली गेलो आणि चेंबरच्या झाकणावर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिले की आत सोडा गेला आहे, हात घालू नये. खाली आमच्या घराचा क्रमांक घातला. सफाईवाला वाचू शकतो की नाही हे मला ठाऊक नव्हते, म्हणून संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन तोंडीही सांगून आलो.

दुपारी बेळगावकर मंडळी जिना चढून वर आली ती विचारीतच, “खाली झाकणावर तुमच्या घराचा नंबर कुणी लिहिला आहे?”

“ह्याने,” आई म्हणाली, आणि तिने तव्यावर भाकरी टाकली.