साडेपाचशे किलोच्या आत

पिथमपूरला बाहा स्पर्धेत उतरलेल्या सगळ्या कॉलेजांच्या गाड्यांना एकच इंजिन असायचं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसीचं, दहा हॉर्सपॉवरचं. ते उघडून ताकद वाढवायला मनाई. मग धुळ्याहून शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट चढवत टेम्पोतून नेलेली आमची गाडी पुढे निघणार कशाच्या जोरावर? बरंचसं वजनाच्याच. एकेका ब्रॅकेटमधून शे-दोनशे ग्रॅम काढायची सवय मला तिथे लागली. पुढे जळगावात कामाला लागल्यावर ट्रॅकवर चालवायला स्वतःची गाडी हवी असं मनानं घेतलं, तेव्हा हॉर्सपॉवरचा आकडा मी बाजूला ठेवला आणि आधी किलो मोजायला घेतले.

त्याला कारण आहे. तितक्याच वेगातली गाडी निम्म्या वजनाची असेल, तर ती थांबवताना ब्रेकला निम्मीच उष्णता सोसावी लागते. टायर कमी झिजतात, वळणात चाकं चांगली धरून राहतात, आणि छोटं इंजिन पुरतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. अशा उन्हात चाचणी घ्यायची तर मोठ्या इंजिनाची उष्णता काढायला रेडिएटरही मोठा, पाणीही जास्त, म्हणजे पुन्हा वजन. हे चक्र हलक्या गाडीत सुरूच होत नाही.

अशा गाडीचा नमुना जुना आहे. कॉलिन चॅपमननं १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली. पाइपांचा सांगाडा, वर पातळ पत्रा, दोन सीट, दारंच नाहीत. सुट्या भागांत घेतली तर ब्रिटनमध्ये तिच्यावर खरेदीकर लागत नसे, म्हणून लोक घरीच जोडून घेत. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅमच्या नावानं बनते. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अशी गाडी स्वतः कशी बांधायची याचं पुस्तकच लिहिलं: एक इंची चौकोनी पाइप आणि भंगारातली फोर्ड एस्कॉर्ट. ही कल्पना मला फार आवडली.

तरी सुरुवातीला माझं मन तिकडूनच आयतं किट मागवण्याकडे ओढ घेत होतं. धुळ्यात आमचे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांना चित्रं दाखवली. त्यांनी ती मन लावून पाहिली आणि एवढंच विचारलं, "तेनं सामान आठे मियी का?"

या प्रश्नावर किट मागे पडलं. जहाजभाडं आणि सीमाशुल्क एकदाच भरायचं असतं. पण ट्रॅकवर बुश तुटला, हब गेला, तर दर वेळी परदेशाकडे पाहत बसायचं? इथून कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईचा ट्रॅक हजार किलोमीटरहून लांब आहे. गाडी ट्रकवर चढवून तिथवर न्यायची आणि वीस रुपयांच्या तुकड्यासाठी परत आणायची, हे मला पटेना.

मग पुढे दोन सोपे पर्याय होते. मारुती ८०० घ्यायची आणि आतलं सगळं काढून टाकायचं. ती मुळातच साडेसहाशे किलोच्या आसपास, खर्चही सगळ्यात कमी. पण गाडी उंच आणि अरुंद, वळणात कलते. दुसरा पर्याय जुनी सिंगल सीटर. ट्रॅकसाठी तिच्याइतकी चोख गाडी नाही, करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर उभी केलेली फॉर्म्युला मारुती आठवली की आजही आदर वाटतो. पण धुळ्याचा माझा भाचा शिकतोय, त्याच्या शेजारी बसून ब्रेक कुठे लावायचा ते सांगायला दुसरी सीट हवीच.

म्हणजे सेव्हनचा सांगाडा, आणि आत आपल्याकडचं सामान.

इंजिन जिप्सी किंगचं ठरलं. १२९८ सीसी, ऐंशी हॉर्सपॉवर, ब्लॉकसकट ॲल्युमिनियमचं. शिवाय ते गाडीत उभं बसतं आणि गिअरबॉक्सचं तोंड मागे. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटा असतो. तो काढला की प्रोपेलर शाफ्ट सरळ मागच्या चाकांकडे नेता येतो. सुमारे ९८५ किलोच्या जिप्सीत हे इंजिन टनाला ऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवर देतं, साडेपाचशे किलोच्या गाडीत तेच एकशे पंचेचाळीस. मागचा ॲक्सल मात्र जिप्सीचा नको. तो जड आहे, आणि त्याचा डिफरन्शियल एका बाजूला सरकलेला. आप्पांनी ओम्नीचा सुचवला. खानदेशात ओम्नी गल्लोगल्ली, भंगारातही भरपूर. इतक्या ताकदीला तो टिकेल का, यावर आमचा बराच वाद झाला. आप्पांचं म्हणणं, गाडी हलकी असली की ॲक्सलवर ताण येण्याआधी चाकच घसरतं. मला ते पटलं.

सीट, पेडल आणि स्टिअरिंगची जागा ठरवायला पूर्ण मापाचा सांगाडा आधी पीव्हीसी पाइपांचा केला. जळगावात त्या पाइपांना काय तोटा! डाळ मिलमधले चार प्लॅटफॉर्म काटेही सांगून ठेवलेत. गाडी उभी राहिली की प्रत्येक चाकाखाली एक ठेवायचा, आणि चालक आत बसवून चारही कोपऱ्यांचं वजन घ्यायचं.

ही गाडी रस्त्यावर धावणार नाही, तिची नोंदणी होणार नाही, ती ट्रकवरूनच जाईल. हेल्मेटच्या वर येणारा रोल बार जाड सीमलेस पाइपचाच असेल, तिथे किलो वाचवायचे नाहीत. ओम्नीच्या ॲक्सलचं गिअरप्रमाण ओझं ओढायला आखलेलं, त्यामुळे कमाल वेग बेताचा, पण वळणातून बाहेर पडताना जोर चांगला. म्हणून पहिला ट्रॅक करीचा, २.१ किलोमीटरचा, छोट्या सरळ पट्ट्यांचा. चेन्नईचा नंतर बघू.