चौथा हिस्सा

मुंबईच्या उपनगरांतील कोणत्याही बाजारपेठेतून फेरफटका मारला, तर दुकानांच्या पाट्यांवर ‘अँड सन्स’ आणि ‘ब्रदर्स’ ही दोन बिरुदे हमखास आढळतात. बहिणीचा उल्लेख कोठेही नसतो. ती त्याच घरात वाढलेली असते, दिवाळीच्या वहीपूजनाला तिनेही कुंकू वाहिलेले असते. पण लग्नानंतर तिचे नाव कागदपत्रांत बहुधा एकदाच येते, आणि तेही हक्कसोडपत्रावर. भावांची स्थितीही फारशी निराळी नसते. एका गल्ल्यावर बसणारे भाऊ भागीदार होतात, भागीदारी फुटली की स्पर्धक होतात. भावंडे म्हणून त्यांची भेट उरते ती लग्नकार्यात आणि उठावण्यात.

मूळच्या नगर जिल्ह्यातील एका व्यापारी कुटुंबात असेच घडले होते. थोरला भाऊ घाटकोपरला भांड्यांची घाऊक पेढी सांभाळीत होता. मधल्या भावाने वाटणीनंतर मुलुंडला स्वतंत्र दुकान थाटले. धाकटा अंधेरीत करसल्लागार, तर बहीण बोरिवलीला. वडिलांच्या नावावरची घाटकोपरची जुनी जागा तेवढी सामाईक राहिली होती. वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते. आईही निवर्तली होती. इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा रिवाजाप्रमाणे हक्कसोडपत्राचा मसुदा बोरिवलीला पोहोचला.

ताईंनी तो बाजूला ठेवला आणि भावांना निरोप दिला, “सहीचे नंतर पाहू. त्याआधी आपण चौघांनी आठ दिवस कोठेतरी जाऊन येऊ. फक्त चौघांनी.”

लहानपणी त्यांचा प्रवास म्हणजे महाराजसाहेबांच्या दर्शनाची यात्रा. यावेळी धाकट्याने केनियाचे नाव काढले. जुलै ते ऑक्टोबर या काळात वाइल्डबीस्टचे प्रचंड कळप मारा नदी ओलांडतात; ते पाहायला जगभरातून लोक येतात. पण तो काळ चातुर्मासाचा, आणि चातुर्मासात परदेशी जायचे नाही हा थोरल्याचा नियम. म्हणून जूनचा मध्य निवडला. लग्नसराई संपलेली, पावसामुळे बाजार थंडावलेला, चातुर्मास अजून बसायचा होता. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती कोंबडीच्या अंड्यात तयार होते, हे कळल्यावर थोरला दोन दिवस अडून बसला. अखेर महाराजसाहेबांशी बोलून, प्रायश्चित्त म्हणून आयंबिल करून त्याने ती घेतली.

खर्चाचा प्रश्न निघाला. बहिणीचा भार भावांनी वाटून घ्यावा, ही रीत. ताईंनी मात्र आपल्या चौथ्या हिश्श्याचा धनादेश आधीच पाठवून दिला. मधल्याला ते रुचले नाही. “बहिणीकडून पैसे घ्यायचे नसतात,” तो म्हणाला. “खर्चात चौथा हिस्सा धरा,” ताई म्हणाल्या, “म्हणजे पुढचा हिशेब सरळ राहील.” हा टोमणा होता की सूचना, हे विमान नैरोबीला उतरेपर्यंत कोणालाच ठरवता आले नाही.

मसाई माराचे राखीव क्षेत्र सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचे आहे. बोरिवली-मुलुंडच्या पाठीशी असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचे. त्यावरून विस्ताराची कल्पना यावी. विषुववृत्त जवळ असल्याने तेथे बाराही महिने साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि प्राणी दिसण्याची उत्तम वेळही नेमकी तीच. गाडीतून खाली उतरण्यास मनाई. थोरल्याचा चौविहार सांभाळायचा, तर जेवण गाडीतच उरकणे भाग होते. दशम्या, खाकरे आणि कोरडी चटणी असा एक डबा चौघांच्या हातांतून फिरू लागला. एका डब्यात चौघांचे हात शाळेच्या दिवसांनंतर प्रथमच पडले होते.

पर्यटक तेथे ‘बिग फाइव्ह’ शोधत असतात. त्या पाचांपैकी चार तीर्थंकरांची लांछने आहेत, हे ताईंच्या ध्यानात आले. सिंह महावीरस्वामींचा, हत्ती अजितनाथांचा, गेंडा श्रेयांसनाथांचा, महिष वासुपूज्यस्वामींचा. पाचवा बिबट्या, तो तर बोरिवलीचाच शेजारी! सिंहिणीने शिकार साधली, तेव्हा थोरल्याने डोळे मिटून नवकार म्हटला. महावीरस्वामींच्या पूर्वभवांत सिंहाचाही भव सांगितला आहे, याची आठवण धाकट्याने करून दिली. पशूला आहाराची निवड नसते, माणसाला असते. दोष मोजायचा तो निवड असणाऱ्याचा, यावर चौघांचे एकमत झाले.

मार्गदर्शकाने आणखी एक गोष्ट सांगितली. सिंहांच्या कळपात बहिणी बहुधा जन्मभर एकत्र राहतात. वयात आलेल्या नरांना कळप सोडावा लागतो. असे बाहेर पडलेले भाऊ पुष्कळदा एकमेकांच्या साथीनेच तग धरतात. “दादा, इथे माहेर सोडावे लागते ते भावांना,” ताई हसत म्हणाल्या. थोरला हसला नाही.

त्या रात्री तंबूबाहेर मधल्याने वर्षानुवर्षे मनात ठेवलेले बोलून टाकले. वाटणीत मालाची किंमत खरेदीभावाने धरली होती. स्टीलचा भाव तोवर चढला होता. त्याचा लाभ पेढी ठेवणाऱ्याला झाला. थोरला बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “त्याच वर्षी बाजारातली मोठी उधारी बुडाली. ती मी माझ्या नावावर घेतली. तुला सांगितले नाही.” दोघांच्याही या नोंदी ताईंना ठाऊक होत्या. दोघांनी त्या निरनिराळ्या वेळी बोरिवलीला जाऊन त्यांच्यापाशी उघड्या केल्या होत्या. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवायला आठ दिवस मिळावेत, एवढ्यासाठी त्यांनी हा प्रवास मागितला होता.

परतल्यावर हक्कसोडपत्राचा मसुदा रद्द झाला आणि पुनर्विकासाच्या कागदपत्रांत चौघांची नावे गेली. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्राविना निवर्तलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे त्यात पहिल्यापासून आहे. भावांनी ताईंवर उपकार केले नाहीत. कायद्याने जे होते ते मान्य केले, इतकेच. मालाच्या किमतीचा प्रश्न मात्र आकड्यांत सुटला नाही. मधल्याने तो सोडून दिला.

संवत्सरीला आपण सर्वांनाच ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. हल्ली एक संदेश शेकडो जणांना जातो, त्यांत सख्खा भाऊही येतो. परंतु क्षमा मागायची ती कशाबद्दल, आणि द्यायची ती कशासाठी, हे कळायला माणसांनी काही दिवस एकत्र घालवावे लागतात. त्यासाठी आफ्रिकाच गाठली पाहिजे असे नाही, माथेरानही पुरेल. वाटणीचा कागद करण्याआधी प्रत्येक घरातल्या भावंडांनी एवढा वेळ काढावा, आणि त्या वेळी बहिणीला पाहुणी म्हणून नव्हे, हिस्सेदार म्हणून बोलवावे. त्या वर्षी संवत्सरीला मुलुंडहून संदेश गेला नाही. मधला भाऊ स्वतः घाटकोपरला गेला.