हातमोजे चढवण्याआधी

दुसरबीडच्या आसपासच्या वस्त्यांवर कुणाची लघवीची नळी बदलायला जाते, तेव्हा सोबत दुसरी सिस्टर नसते. दवाखान्यात एकीने पाकीट फोडावं, दुसरीने आतली वस्तू उचलावी. इथे दोन्ही कामं माझ्याच हातांची. म्हणून निम्मं काम हातमोजे चढवण्याआधीच उरकावं लागतं.

आधी पंखा बंद. सोयाबीन काढणीच्या दिवसांत घराघरांत बारीक भुसा बसलेला असतो, वाऱ्याने तो उडतो. मग उजेड, पलंगाशेजारी स्टूल. हात धुऊन निर्जंतुक कापड पसरायचं. त्याच्या कडेचा अडीच सेंटिमीटरचा पट्टा निर्जंतुक धरायचा नाही. पाकिटं फोडून वस्तू हात न लावता मधोमध सोडायच्या. वाटीत बीटाडीन ओतायचं, नळी आत धरून ठेवणाऱ्या फुग्यासाठी निर्जंतुक पाणी काढून ठेवायचं. सलाइन नको, त्यातल्या क्षारांचे खडे जमून फुग्याची वाट बंद होते आणि पुढे नळी काढताना अडते. मोजे चढल्यावर एखादी वस्तू पिशवीतच राहिल्याचं कळलं, तर सगळं पुन्हा मांडावं लागतं.

नळ्या दोन न्यायच्या. बायकांमध्ये पहिली नळी योनीमार्गात गेली, तर ती तिथेच खूण म्हणून राहू द्यायची आणि नवी नळी तिच्या वरच्या मार्गात घालायची. तीच काढून पुन्हा वापरली, तर जंतू थेट मूत्राशयात पोचतात.

एखाद्या म्हातारीचा मुलगा कळवळून विचारतो, "सिस्टर, मी धरू का काही?" त्याला बॅटरी धरायला सांगते, कापडावरून हात मात्र नेऊ देत नाही.

मोजा चादरीला टेकला, तर ते फक्त मला कळतं. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने तिथल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंमुळे रोग होतो, हे तेव्हा सिद्धही झालेलं नव्हतं. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी शिस्त पाळणं, हेच आमच्या कामाचं मूळ. टेकला की नाही अशी नुसती शंका आली, तरी मोजा बदलायचा.

तुमच्या घरी सिस्टर आली आणि तिने दुसरं पाकीट मागितलं, तर ती नासाडी समजू नका. तिला मोकळी जागा आणि उजेड द्या. ती गेल्यावर लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका आणि नळीला हात लावण्याआधी व नंतर साबणाने हात धुवा.