ओट्यावरचा परका

वसईच्या वाड्यांत आमचे बालपण गेले. त्या काळी दिवसा दार लावण्याची रीत नव्हती. एखाद्या घराचे दार भरदुपारी लागलेले दिसले, की शेजारीण हाक मारून विचारी, "घरात कुणी आजारी आहे का?" कल्हईवाला येई, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारा येई, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण येई. कोळीण मासळीची पाटी ओट्यावर टेकवी, आधी पाणी मागे आणि मग भाव सांगे. ही माणसे आमच्या गावची नव्हती, पण परकीही नव्हती. बोहारणीला तर आमच्या घरातली लग्ने आमच्यापेक्षा अधिक नीट पाठ होती! दारात जो कोणी येई, तो मागच्या वर्षीही आलेला असे.

आमची आत्या याच रीतीत वाढली. वडिलोपार्जित घरात ती एकटी राहते. २०१४ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारच्या अँजेलसची घंटा होऊन गेली होती. आळीत सामसूम होती, कर्ती माणसे कामावर गेलेली. अशा वेळी दोन तरुण ओट्यावर आले. अंगात इस्त्रीचे कपडे, गळ्यात फोटो लावलेले ओळखपत्र. भांडी उजळण्याची नवी पावडर आली आहे, जाहिरातीसाठी फुकट दाखवतो, विकायचे काहीच नाही, असे त्यांचे म्हणणे. बोलताना त्यांनी आत्याला 'आई' म्हटले. आत्याला मूलबाळ नाही.

तिने तांब्याचा लोटा दिला, तो लखलखीत झाला. मग आल्तारावरचा चांदीचा क्रूस दिला. तो उजळलेला पाहताच तिच्या मनात उरलीसुरली जी शंका होती, तीही गेली. त्यानंतर तिने हातातल्या पाटल्या स्वतःहून उतरवल्या की त्यांनी मागितल्या, हे तिला आजही सांगता येत नाही. त्यांनी त्या एका वाडग्यातल्या द्रावणात बुडवल्या, बराच वेळ हलवल्या, हळद लावून कागदात गुंडाळल्या आणि अर्ध्या तासाने उघडा म्हणून सांगितले. वाडग्यातले 'घाण पाणी' ते बरोबर घेऊन गेले.

त्या घाण पाण्यातच सारी मेख होती. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक ही दोन आम्ले साधारणतः तीनास एक या प्रमाणात मिसळली, की जे तयार होते त्याला अम्लराज म्हणतात. सोने या दोहोंपैकी कोणत्याही एकट्या आम्लाला दाद देत नाही. दोन्ही एकत्र आली की मात्र विरघळते, आणि त्या द्रावणातून ते पुढे सावकाश परत मिळवता येते. आत्याच्या पाटल्या तिला परत मिळाल्या होत्या, तिच्याच होत्या, नक्षीही जवळजवळ तशीच होती. सोनाराच्या काट्यावर मात्र चाळीस ग्रॅमच्या चौतीस भरल्या.

तिने हे कोणालाही सांगितले नाही. पाटल्या बँकेत ठेवल्या आहेत, असे म्हणून तिने दोन महिने काढले. जूनमध्ये सोनाराकडूनच आम्हाला कळले. आम्ही तडक तिच्या घरी गेलो आणि पहिलाच प्रश्न टाकला, "आत्या, तू दार उघडलेसच कशाला?" आजही तो प्रश्न आठवला की आम्हाला आमचीच लाज वाटते. चोरांनी सहा ग्रॅम सोने नेले. तिचा स्वतःवरचा विश्वास काढून घेण्याचे काम आम्ही केले. पुढे उलगडा झाला, की त्याच आठवड्यात शेजारच्या आळीतली दोन घरेही तशीच फसली होती. तिन्ही घरांनी चारचौघांत हसे होईल म्हणून तोंड मिटून घेतले. पहिल्या घराने संध्याकाळी नुसती आरोळी ठोकली असती, तरी पुढची दोन वाचली असती.

त्यानंतर आत्याचे दार बंद झाले. अगदी ओळखीच्या माणसालाही ती आतून तीनदा नाव विचारी. त्यात गावही बदलत चालले होते. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली. इतक्यांत कोण आपला, कोण परका, हे चेहऱ्यावरून कसे ओळखावे?

अशात एका रविवारी मिस्सामध्ये अब्राहामाचे वाचन आले. ऐन उन्हात तंबूच्या दाराशी बसलेल्या अब्राहामाने तीन परक्यांना धावत जाऊन थांबवले, पाय धुवायला पाणी आणि सावलीत बसायला जागा दिली. घरी परतताना आत्या वाटेत थांबली. "मग मी दार लावते, ते पाप का रे?" तिने विचारले.

आम्हाला तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढे वाचनात 'डिडाखे' आले. बारा प्रेषितांची शिकवण म्हणून ओळखले जाणारे हे पुस्तक आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींचे. त्याचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये ब्रायेनिऑस या धर्मपंडितांना सापडले. दाराशी आलेल्या फिरत्या उपदेशकाचे स्वागत प्रत्यक्ष प्रभूसारखे करावे, असे ते सांगते, आणि लगेच पुढे बजावते, की हा पाहुणा तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा समजावा. जाताना वाटेपुरती भाकर घेईल तर ठीक, पैसे मागेल तर खोटा. आम्ही हे आत्याला सांगितले. ती हसली. किती दिवसांनी! "म्हणजे तेव्हाही होते तर असले!" म्हणाली.

तिथून तिने आपली रीत स्वतःच बसवली. परक्याशी बोलणे खिडकीतून. वीज किंवा गॅसचा माणूस म्हणवणारा आला, तर तो देईल त्या क्रमांकावर नव्हे, बिलावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची. तोवर त्याने ओट्यावर बसावे. खरा माणूस बसतो, खोट्याला घाई असते, असा तिचा अनुभव. आपण एकट्या आहोत हे बोलायचे नाही. अंगावरचा दागिना कोणत्याही कारणाने उतरवायचा नाही. शेजारच्या सुनेला हाक मारायला लाजायचे नाही. आता परका फोनवरूनही घरात शिरतो, पोलिसी गणवेशात पडद्यावर दिसून 'डिजिटल अटक' झाल्याचे धमकावतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर १९३० वर तत्काळ कळवावे, हा कागद आम्ही तिच्या फोनपाशी चिकटवला आहे. त्याखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : 'आधी भाच्याला सांगणे.' ते वाचून आम्हाला जे वाटले, ते येथे लिहीत नाही.

गेल्या मे महिन्यात पार्सल घेऊन एक मुलगा भर दुपारी तिच्या ओट्यावर आला. घामाने निथळत होता, भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने पाणी मागितले. आत्या दाराच्या कडीपर्यंत गेली आणि परत फिरली. तिने खिडकीच्या गजांमधून त्याची बाटली घेतली, माठातले पाणी भरून दिले, मग गुळाचा खडाही दिला. "बाबा, दार उघडले नाही, राग मानू नकोस," ती म्हणाली. "नका उघडू, आजी," तो म्हणाला, "माझ्या आईलाही मी हेच सांगतो."

तो गेल्यावर तिने आम्हाला फोन केला. पार्सल कसले होते, ते सांगायचे राहूनच गेले. एवढ्या उन्हात त्या मुलाच्या डोक्यावर टोपीही नव्हती, हेच ती दोनदा म्हणाली.